पाचवीचा कागद

तापीकाठच्या प्रकाशा गावाहून टेम्पो भरून माणसं नंदुरबारला सिनेमा पाहायला निघाली, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपण पडद्यावर असणार. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात शूटिंगवाले गावात आले होते, घाटावर धूर सोडून गेले होते, आणि त्या धुरात कोण उभं नव्हतं! कुणाची बैलजोडी होती, कुणाचं खळं, कुणाची नुसती पाठ. रेवजीला तर मुडद्याचं काम मिळालं होतं. टेम्पोही त्याचाच. गाडी चालवता चालवता तो मागे वळून ओरडत होता.

"देखा हं! मन्हा मुडदा पडदावर उना का टाळ्या वाजाडज्यात!"

"तुले काय शिकनं पडनं व्हई त्यामा?" शेजारची जसोदाबाई म्हणाली. तोंडाची फटकळ बाई. "तू तं जित्ता भी तसाच पडी ऱ्हास!"

सगळा टेम्पो हसला. हेमांगीला मात्र हसायचं सुचलं नाही. तिच्या मांडीवर चंदन होता आणि ती त्याच्या ओठांकडे पाहत होती.

हा तिचा आता उद्योगच होऊन बसला होता. चंदनला दोन वर्षं उलटून गेली होती आणि तो बोलत नव्हता. हाक मारली की बघायचा, सांगितलं की पेला आणून द्यायचा, मोटार सुरू झाली की तिच्यासारखा घशात घूं घूं करायचा. पण शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, काही नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत आहेत, वाट बघा, म्हणाले. वाट बघणं हे औषध असतं तर हेमांगीने ते बाटलीभर प्यायलं असतं. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुलगी ती, पण आता तिची सगळी सूक्ष्मदृष्टी त्या एवढ्याशा तोंडावर खिळली होती. घास भरवताना, न्हाऊ घालताना, तो झोपेत ओठ हलवायचा तेव्हा तर श्वास रोखून.

"नको इतली देखू त्याले," सासू म्हणाली. "बोली तो. मन्हा भाग्या भी उशीरच बोलना."

धनुबाई समोरच्या फळीवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि चंदनने नेहमीसारखं त्यांचं मधलं बोट धरलं. ते बोट अर्धंच होतं. हेमांगीचा नवरा भाग्येश प्राथमिक शाळेत असताना कडब्याच्या कुट्टी यंत्रात सापडून तुटलं होतं. चंदनला आजीच्या हातातलं नेमकं तेच बोट लागायचं. त्याच्या मुठीत ते बरोबर मावायचं.

नंदुरबार जवळ आलं तशी वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वाऱ्याची झुळूक आली आणि अख्खा टेम्पो शिंकू लागला. धनुबाईंनी पदराने नातवाचं नाक झाकलं. पदराआडून चंदन दोनदा शिंकला. हेमांगीने तेही कान देऊन ऐकलं.

सिनेमाचं नाव होतं 'निशापोथी'. गोष्ट अशी की, पुण्यातला एक जुन्या ग्रंथांचा दलाल एक दुर्मिळ पोथी शोधत तापीकाठच्या गावात येतो. जारणमारणाची पोथी. जो तिचं शेवटचं पान वाचेल त्याला मेलेली माणसं वश होणार. पोस्टरवर कवट्या होत्या, मेणबत्त्या होत्या, काळी शाई गळत होती. गावातल्या पोरांनी ते पोस्टर महिनाभर मोबाईलवर ठेवलं होतं.

पण मध्यंतरापर्यंत दलाल नुसता गाडीतून हिंडत राहिला. उतरायचा, कपाटं उघडायचा, पुस्तकांवरची धूळ फुंकायचा, पुन्हा गाडीत. प्रकाशाचा घाट ओझरता दिसला, तोही धुरात. देवळं नाहीत, पूल नाही, बैलजोडीही नाही. भूत आलं तर त्याच्या डोळ्यांत पांढरी भिंगं आणि केस नुकतेच धुऊन वाळवलेले.

"हाई भूत का लगनमा निंघनं?" मागून कुणीतरी म्हणालं.

रेवजीचा मुडदा आला, पण चादरीबाहेर नुसतं एक पाऊल. "मन्हा पाय शे तो!" रेवजी खुर्चीवरून उठून ओरडला. "अंगठा देखा! नख देखा!" टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

चंदन हेमांगीच्या मांडीवर पेंगत होता. तिलाही सिनेमात काही दम वाटत नव्हता. शेवट जवळ आला, आणि दलालाने एका भुयारात ती पोथी उघडली. पानामागून पानं चित्रविचित्र आकृत्या. आणि शेवटचं पान, ज्याच्यासाठी एवढी वणवण केली ते, कोरं.

"घ्या!" जसोदाबाई म्हणाली. "इतलं करीसन कोरंच?"

सगळं थिएटर हसलं. हेमांगी मात्र ताठ झाली.

पडदाभर ते पान होतं. पिवळट, जाडसर. खालच्या कोपऱ्यात पाच बोटांचे हळदीचे ठसे, उलटे, म्हणजे कागद फिरवून धरून उमटवलेले. प्रत्येक ठशावर कुंकवाचा एक ठिपका. आणि कडेला लाल दोऱ्याचा एकच टाका.

हा कागद तिने पाहिला होता. तळोद्याला, माहेरी, चंदनच्या पाचवीला.

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा तेवता ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. हे सगळीकडेच करतात. पण हळदीची उलटी बोटं आणि लाल टाका ही प्रकाशाच्या या एका घराची रीत. धनुबाई त्यासाठी मुद्दाम तळोद्याला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कागदाची घडी पदराखाली घालून घेऊन गेल्या. "कोरा दिखस, पन कोरा ऱ्हास नही तो," जाताना म्हणाल्या होत्या. "लिखेल ऱ्हास. आपले वाचता येत नही." मूल शाळेत जाईपर्यंत तो कागद घरात जपायचा, मग तापीत सोडायचा. हेमांगी तेव्हा मनातल्या मनात हसली होती. बाळंतीण होती, खुशीत होती. मग थंडी संपेपर्यंत ती बाळाला घेऊन माहेरीच राहिली, आणि त्याच थंडीत शूटिंगवाल्यांनी प्रकाशाला धनुबाईंचं खळं भाड्याने घेतलं.

पडद्यावर दलालाने मेणबत्ती उचलली आणि त्या कोपऱ्याला लावली.

आधी कडा तपकिरी झाली. मग बोटं एकेक करून आत वळली. लाल दोरा क्षणभर तारेसारखा चमकला. लोक हसतच होते, कारण तिकडे भूत किंचाळत होतं आणि त्याचा आवाज ओठांच्या मागे पडत होता.

मांडीवरचा चंदन जागा झाला होता. त्याने हात वर करून पडद्याकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. हेमांगी वाकली. आता काहीतरी येणार, असं तिला वाटलं. पण आवाज आला नाही. तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग मिटलं.

परतताना टेम्पोत नुसता शिमगा चालला होता. रेवजीला पायावरून चिडवत होते. "पैसा परत मांगा," कुणी म्हणत होतं. हेमांगीने धनुबाईंकडे पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. चंदनने बोट धरायला हात पुढे केला, तर त्यांनी मूठ मिटून पदरात घेतली.

*

त्या दिवसापासून चंदनचं घूं घूंही थांबलं.

मोटार सुरू व्हायची, तो मान वळवून बघायचा आणि गप्प राहायचा. अंग गरम नव्हतं, पोट साफ होतं, खाणंपिणं नीट होतं. हेमांगीने जीभ बघितली, घसा बघितला. घरामागे केळीचा बाग होता. दुपारी वारा सुटला की वाळलेली पानं एकमेकांवर घासायची आणि कुणीतरी मोठ्या पोथीची पानं भराभर उलटतंय असं वाटायचं. लग्न होऊन आल्यापासून ती तो आवाज ऐकत होती. आता तो सुरू झाला की ती कान देऊन बसायची, शेवटचं पान कधी येतं म्हणून.

आणखी एक. घराच्या मागच्या खोलीत धनुबाईंची लोखंडी पेटी होती. चंदन आता खेळायला तिथेच जाऊन बसायचा. पेटीला पाठ लावून नाही, तिच्याकडे तोंड करून, पाय पसरून. हेमांगी दारातून बघायची. तो काही करत नसायचा. मध्येच मान तिरकी करायचा, जसं कुणी हळू बोलत असलं की आपण करतो.

भाग्येश शहाद्याला ठिबक सिंचनाच्या दुकानात होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, चहा संपवला.

"हेमा, तो सिनेमा आहे. कागद छापून घेतात ते लोक. हळद म्हणजे रंग."

"आणि टाका? लाल दोरा? ते कुणाला माहीत असणार?"

"आईने सांगितलं असेल. ती काय, जो भेटेल त्याला सांगत बसते."

"मग विचारा ना त्यांना."

"तूच विचार. तुझं-तिचं माझ्यापेक्षा जमतं." तो उठला, मग थांबून म्हणाला, "आणि समजा दिला असेल कागद, तरी काय? कागदावर पोराची जीभ असते का?"

नसते. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत लिहायला सांगितलं असतं तर कारणांसह लिहिलं असतं. पण जिने पाच बोटं जळताना पाहिली होती ती हेमांगी परीक्षेला बसली नव्हती.

विचारणं काही जमेना. कारण धनुबाईही बदलल्या होत्या. बोलायच्या कमी, जेवायच्या त्याहून कमी. सकाळी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवायचं काम त्यांचं. ते त्यांनी न सांगता सोडून दिलं. हेमांगी गॅस पेटवायला लागली की त्या तोंड फिरवायच्या. एकदा देवापाशी वात लावताना त्यांच्या हातातली काडी बोटांपर्यंत जळत आली तरी त्यांनी सोडली नाही. हेमांगीने धावत जाऊन फुंकर मारली.

"आत्याबाई! चटका बसला ना!"

"काही नही व्हयनं," धनुबाई म्हणाल्या, आणि काडीच्या काळ्या टोकाकडे बघत राहिल्या.

अपराधी माणूस असंच वागतं, हेमांगीने मनात म्हटलं. दिला. यांनीच दिला. मला न विचारता माझ्या पोराचा कागद त्या लोकांना दिला, आणि आता तोंड उघडवत नाही. तिला सासूचा राग येऊ लागला, आणि राग आला की भीती जरा कमी व्हायची, म्हणून तिने तो राग जपला.

*

गुरुवारी धनुबाई जसोदाबाईबरोबर केदारेश्वराला गेल्या. भाग्येश दुकानात होता. ऊन उतरत होतं आणि मागे पानं वाजत होती. हेमांगी खोलीत गेली. चंदन पेटीसमोर बसला होता. तिने त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि कडी काढली.

वर लुगडी होती. खाली सासऱ्यांचा फेटा, एक रिकामी अत्तरदाणी, भाग्येशचं पहिलं झबलं. तिच्या हाताला कापडाची एक पुरचुंडी लागली. तिने गाठ सोडली. आत कागद होता. घडी घातलेला, लाल टाका मारलेला. पांढरा.

वरच्या बाजूला तिच्याच आईच्या अक्षरात तारीख होती. चंदनची.

ती तिथेच जमिनीवर बसली. म्हणजे आहे. जळला नाही. तिने चंदनला ओढून जवळ घेतलं, त्याच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि रडत रडत हसली. "आहे रे बाळा, तुझा आहे." किती वेळ ती तसंच म्हणत होती. मग तिने कागद पुन्हा बघितला, नुसताच, लाडाने. कोपऱ्यातले हळदीचे ठसे अजून ताजे वाटत होते. करंगळी, तिच्या शेजारचं, मग मधलं बोट, अर्धंच. टोक नव्हतं त्याला.

अर्थातच नव्हतं. धनुबाईंचा हात होता तो.

आणि पडद्यावर पाच बोटं होती. अख्खी पाच. एकेक करून आत वळलेली तिने पाहिली होती, मधलं सगळ्यात उंच होतं.

हेमांगीने कागद पुन्हा उजेडाकडे धरला. रीत याच घराची, म्हणजे हातही धनुबाईंचाच, पण बोट तुटायच्या आधीचा तो कागद होता. भाग्येशचा म्हणावा तर तो शाळेत गेला तेव्हाच तापीत सोडला होता. ती गोष्ट धनुबाईंनी कितीदा सांगितली होती. आणि भाग्येश तर एकुलता एक.

"तो चंदनना शे. ठेवी दे."

धनुबाई दारात उभ्या होत्या. हातात देवळातला नारळ होता.

हेमांगी उठली नाही. "आत्याबाई, सिनेमातला कुणाचा होता?"

धनुबाई आत आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या. नारळ त्यांनी मांडीवर घेतला, आणि मग कुणी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं अशा आवाजात बोलू लागल्या.

"भाग्याना आगोदर एक पोर व्हती माले. पाचवी पुजी तिन्ही. बारसाना आगोदर गयी. रातले दूध पी आनि सकाय उठनीच नही. नाव ठेवाना भी नही." त्या थांबल्या. "पोऱ्यास्ना कागद शाळामा घालतस तवय सोडतस. ती कोठे शाळामा गयी? मंग तिन्हा कागद तसाच ऱ्हायना. पेटीना बुडले."

"ह्यांना माहीत आहे?"

"त्याले कसाले सांगसू? तुन्हा सासराले आनि माले ठाऊक व्हतं. ते गयात. मंग मालेच."

केळीत वारा शिरला. चंदन मान तिरकी करून ऐकत होता.

"शूटिंगनी ती चष्मावाली पोर उनी. चांगली व्हती व, आजी आजी करे. म्हने, जुना कोरा कागद शे का? पिवया पडेल? पोथीना सिनेमा शे. माले वाटनं, पोथी म्हंजे देवनी पोथी. दुसरी पोथी ऱ्हास का जगमा?" धनुबाईंनी हेमांगीकडे पाहिलं, जणू हे तिने नीट सांगावं. "तिन्हा कपायवर सटीमायनी काय लिखं ते माले कधी समजनं नही. इतलंसंच लिखेल व्हतं का अजून काही व्हतं? म्हनं, पोथीमा बठी तं कोणीतरी मोठा मानूस वाची. पोर दुनियामा राही. मी मन्हा हातथीन दिन्हा. त्या पोरना हात जोडात."

त्यांचा आवाज आतापर्यंत सरळ होता. आता त्यांनी नारळ पोटाशी घट्ट धरला.

"लेकरूले आग देतस नही, हेमा. मातीमा ठेवतस. तुन्हा सासरानी बांधवर खड्डा करा, मीठ टाकं, मी तिले मन्हा पदरमा गुंडायी. तिले कधी आग लागनी नव्हती. आते लागनी. मन्हा डोयासमोर. आनि सगया गाव हासना."

थिएटरातला तो हशा हेमांगीला पुन्हा ऐकू आला. तेव्हा तीही त्या अंधारात होती, धनुबाईंपासून दोन खुर्च्यांवर, आणि तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. ती चंदनचे ओठ बघत होती. आत्ता, क्षणापूर्वीसुद्धा, जळलेला कागद आपला नाही म्हणून ती हसली होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. तिने नवऱ्याचेच शब्द उचलले.

"आत्याबाई, सिनेमात खरं जाळत नाहीत. दुसराच कागद जाळतात, तसाच रंगवलेला. खरा ठेवून देतात."

धनुबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि हेमांगीला वाटलं, बरं झालं, बोलले.

"मंग कोठे शे तो?" धनुबाई म्हणाल्या. "कोणाकडे शे मन्ही पोर?"

*

दिवेलागणीला हेमांगीने स्वतःच माजघरात पाटा धुऊन मांडला. कुणी सांगितलं नव्हतं. वरवंट्याला हळदकुंकू लावलं, शेजारी नवा कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. धनुबाई बघत होत्या.

"असं करतस नही," त्या म्हणाल्या. "एकदा लिखेल ऱ्हास ते."

"वाचलं का कुणी?"

"नही."

"मग तिच्यासाठी पुन्हा मागू. सटवाईला आठवत असेल."

धनुबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या पाट्यापुढे बसल्या. वाटीतल्या हळदीत बोटं बुडवली, कागद उलटा फिरवला. आणि हात अधांतरीच थांबला.

"तवय हात चांगला व्हता," अर्ध्या बोटाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या. "हाऊ हात तिले वयखू येई का?"

हेमांगी त्यांच्या शेजारी टेकली. धनुबाईंनी बोटं टेकवली. करंगळी, अनामिका, अर्धं मधलं, तर्जनी, अंगठा. मग जिथे टोक नव्हतं तिथे हेमांगीने आपलं बोट हळदीत बुडवून नेमकं वर जोडलं. पाच झाली. पाच ठिपके कुंकवाचे. लाल दोरा सुईत ओवायला धनुबाईंना दिसेना, तो हेमांगीने ओवला, पण टाका त्यांनी मारला.

"काय नाव ठेवलं असतं?" हेमांगीने विचारलं.

"तापी ठेवसू म्हनेत तुन्हा सासरा. मी नको म्हनं व्हतं. जुनं वाटे माले." धनुबाईंनी दोरा दाताने तोडला. "काय व्हतं त्यामा वाईट?"

हेमांगीने समई पेटवली. बाहेर अंधारून आलं होतं, वारा पडला होता, मागे एकही पान वाजत नव्हतं. तेव्हा चंदन मागच्या खोलीतून आला. दुडदुडत नाही, सावकाश, कुणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवत चालावं तसा. तो आईजवळ आला नाही, आजीजवळही नाही. पाट्याच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिथे कुणी नव्हतं. नुसती सारवलेली जमीन आणि भिंत. तो त्या जागेकडे तोंड करून खाली बसला.

आणि बोलायला लागला.

शब्द नव्हते ते. पण घूं घूंही नव्हतं. वर जाणारं, खाली येणारं, मध्येच हेल काढणारं, दिवसभरात काय काय झालं ते सांगावं तसं बोलणं होतं. हेमांगीचा हात तोंडावर गेला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो आवाज इतका साधा होता, थोडा घोगरा, त्याच्या बापासारखा. तिला त्याला उचलून छातीशी धरायचं होतं. ती अर्धी उठलीसुद्धा.

तेवढ्यात तो थांबला. मान तिरकी करून त्याने थोडा वेळ ऐकलं. मग हसला, आणि ऐकलेल्याला उत्तर द्यावं तसा पुन्हा बोलू लागला.

हेमांगी जागच्या जागी राहिली. पुढे जाववेना, आणि त्याला तिथून ओढून आणलं तर हा आवाज पुन्हा बंद होईल, या धास्तीने हाकही मारवेना. तिने सासूकडे पाहिलं.

धनुबाई नातवाकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. त्यांनी हात लांब केला आणि समई, तिची ज्योत हलू न देता, कागदापासून दूर सरकवली.